गोरज मुहूर्त आणि बावीस ऑगस्ट

आमच्या मुलीचे लग्न बावीस ऑगस्टला, शनिवारी सकाळी, कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये लागले. आधी ठरले होते ते संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर.

चातुर्मासात मुहूर्त नसतात. हॉल मात्र त्याच दिवशी मिळत होता. मिसिसागाच्या गुरुजींनी फोनवर काढीव मुहूर्त दिला. आमच्याकडून कोणी हरकत घेतली नाही. घेतली ती नवऱ्यामुलाच्या आयरिश आजींनी. "त्या संध्याकाळी आमच्या घरात वाद्य वाजत नाही. मी येणार नाही."

१९२२ साली याच तारखेला, दिवस मावळताना, आयर्लंडच्या यादवी युद्धात त्यांच्या क्रांतिकारक नेत्याच्या गाड्यांवर आयरिश बंडखोरांनीच हल्ला केला आणि तो गोळी लागून मेला. गोळी कोणाची, हे सिद्ध झालेले नाही. आजींचे वडील हल्लेखोरांत होते, असे घरात सांगतात. कॅनडात आल्यावरही ते दरवर्षी ती संध्याकाळ दिवा न लावता बसून काढत. एवढे आजींनी स्वतः पाहिलेले.

मुलीला आजींशिवाय लग्न नको होते. म्हणून आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. बायकोने गाडीतच बजावले, "तिथे पत्रकार परिषद भरवू नका."

तिथे विषय निघालाच. व्याही म्हणाले, त्या नेत्याला त्याच्या अंगरक्षकानेच मारले. त्यांचा भाऊ म्हणाला, इंग्रजांच्या हेराने.

"काल तर म्हणालास, गोळी दगडावर आपटून उलटली!"

"काल मी प्यायलो नव्हतो."

आजी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पेपरात होता ना? सांगा, कोणी मारलं?"

"माहीत नाही."

"माझ्या वडिलांनी?"

"तेही माहीत नाही. त्या दिवशी सकाळी तो नेता काय करत होता?"

"सकाळी?" आजी हसल्या. "गावोगावी थांबत होता. भेटेल त्याला बिअर पाजत होता."

"म्हणजे मजेत होता," बायको म्हणाली.

"मजेत? अहो, वाटेत लग्न दिसलं असतं तर आत शिरला असता!"

बायकोने तिथूनच गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "वहिनी, काढीवच आहे तो. सकाळचा काढू, त्यात काय!"

लग्नाला आजी सगळ्यांच्या आधी आल्या. पहिल्याच मंगलाष्टकाला त्यांनी हातातल्या सगळ्या अक्षता टाकल्या आणि आणखी मागून घेतल्या. शेवटचा नाच त्यांनी आमच्या व्याह्यांबरोबर केला. तेव्हा पार्किंगमध्ये अजून ऊन होते.