साशाचा ब्राक

माझं रशियन मध्यम पातळीचं आहे. (असं मोबाईलमधलं ॲप म्हणतं, मी नाही.)

चौसाळ्यात खत-बियाणांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला रशियन कशाला? तर आमच्या ऋतुजापायी! ती रशियात डॉक्टरकी शिकते. गेल्या सुट्टीत घरी आली, ती फोनवर सारखी रशियन बोलायची. आई-बाप समोर बसलेले आणि पोरगी त्यांना न कळणाऱ्या भाषेत खिदळते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय! ती परत गेल्यावर मी गुपचूप अभ्यास सुरू केला. वर्षभर गल्ल्यावर बसून घोकलं. एकदा माझा दोस्त नामदेव दुकानात येऊन म्हणाला, "कामून रे, सकाळी सकाळी शिव्या कुणाला घालायलास?"

मी रशियनमध्ये 'नमस्कार' म्हणत होतो.

यंदा ऋतुजा पुन्हा घरी आली. मी पेपर तोंडासमोर धरला आणि कान तिच्या फोनकडे लावले. ती चिडून म्हणत होती, "साशा! ब्राक! पोल्नी ब्राक!"

पेपर हातातून गळाला. साशा म्हणजे अलेक्झांडर, हे धडा चारमध्ये. ब्राक म्हणजे लग्न, हे धडा एकवीसमध्ये! पोल्नी म्हणजे पूर्ण. पोरीनं पूर्ण लग्न उरकलं होतं! आणि पुढं ती चक्क "बदलून घे" म्हणाली!!

मी स्वयंपाकघरात धावलो. "मंगल, पोरीनं लगीन केलंय, अन् आता नवरा बदलायलीय!"

"कुनी सांगितलं?"

"मला रशियन येतंय!"

"तुमाला?" मंगलला लग्नापेक्षा याचाच धक्का जास्त बसला.

तरी तिनं पाली गावच्या आपल्या भावाला, दत्ताभाऊला, फोन केला. तो तासाभरात गाडी घेऊन हजर. बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "दाजी, पोरगा पाव्हण्यातला हाय का?"

"रशियन हाय!"

"म्हंजे न्हाई," म्हणून तो डोक्याला हात लावून बसला.

मी ऋतुजाला बोलावलं आणि गरजलो, "तुझं परतीचं तिकीट रद्द! ब्राक म्हंजे काय, मला सगळं कळतंय!"

ऋतुजा गोंधळली. "बाबा, ब्राक म्हंजे खराब माल. मी बूट मागवले, ते होस्टेलवर आलेत. दोन्ही डाव्या पायाचे! साशाला बदलून घ्यायला सांगत होते."

"लग्न न्हाई?"

"लग्नालाबी तोच शब्द हाय."

"अन् साशा?"

तिनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर दोन वेण्या घातलेली गोरी पोरगी हसत होती. मुलींचं नावही साशा असतं म्हणे. (ॲपनं हे सांगायला नको?)

आता माघार तरी शोभेलशी घ्यावी, म्हणून बुटांचा खर्च मीच भरतो असं साशाला सांगायचं ठरवलं. छाती फुगवून म्हणालो, "या झाप्लाचू!"

साशाचा चेहरा उतरला. ती हळूच काहीतरी बोलली. ऋतुजा पोट धरून खाली बसली.

"आता काय झालं?"

"बाबा, शब्दातला जोर भलत्याच अक्षरावर दिला! 'मी पैसे भरीन' म्हणायचं, तर तुमी 'मी रडीन' म्हणालात. साशा म्हनतीय, काका, रडू नका."

मी दत्ताभाऊच्या तोंडाकडे बघितलं, मग मंगलच्या. वर्षभराच्या अभ्यासात माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं!