मासेवाली आत्या

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा आणि दोन्ही हातांत वायरी. दिवसभर ती लोकांना लोकांशी जोडून द्यायची. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या घरी कोण गेलं, सगळं तिच्या कानांवरून जायचं आणि त्यातला एक शब्द तिनं कधी घरी आणला नाही. संध्याकाळी ती आली की चपला काढायची, तोंडावर पाणी मारायची आणि खिडकीजवळच्या काचेच्या टाकीसमोर स्टूल ओढून बसायची. तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. आई म्हणायची, दिवसभर जगाचं ऐकते, जरा मुक्यांच्यात बसू दे तिला.

आत्यानं लग्न केलेलं नव्हतं. बाबा तिचा धाकटा भाऊ. आमच्या घरातली मागची खोली तिची होती, आणि टाकी आल्यापासून ती खोली तिची कमी आणि माशांची जास्त होती. टाकी तिला तिच्या सुपरवायझर बाईंनी बदली होऊन जाताना दिली होती. आत पाच-सहा सोनमासे, थोडी हिरवळ आणि खळखळ बुडबुडे सोडणारा एक पंप. त्या पंपाच्या घरघरीनं सुरुवातीला बाबांची झोप उडाली. पुढे एकदा तो बंद पडला, तेव्हा शांततेनं उडाली.

पहिल्या वर्षी आत्यानं ते सगळे मासे मारले. मारले म्हणजे प्रेमानंच. एका रविवारी तिनं टाकी रिकामी केली, काच साबणानं घासली, खडे उकळत्या पाण्यातून काढले, पंपाच्या गाळणीतला स्पंज नळाखाली धरून धुऊन धुऊन पांढरा केला आणि टाकी ताज्या पाण्यानं भरली. टाकी अशी लखलखत होती की शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले आणि त्या आठवड्यात एकेक करून गेले. आत्या रडली नाही. ती ऑफिसातून परस्पर ग्रंथालयात गेली आणि माशांवरची मिळतील ती पुस्तकं घेऊन आली.

त्यातून तिला जे कळलं ते ती पुढे आयुष्यभर लोकांना सांगत राहिली. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं जे औषध असतं ते माशांच्या कल्ल्यांना भाजतं, म्हणून पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवायचं. आणि सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही. खड्यांवर, स्पंजावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते माशांची घाण खाऊन पाणी निवळ ठेवतात. स्पंज धुवायचा तो टाकीतल्याच पाण्यात, तोही हलक्या हातानं. "मी त्या दिवशी अख्खा संसार धुऊन टाकला," ती म्हणायची. नंतर तिनं दुसरे सोनमासे आणले, आणि ते इतकी वर्षं जगले की बाबा म्हणायचे, यांची नावं रेशनकार्डावर घाला.

काही लोक एकमेकांना पाण्यात पाहतात. आत्या फक्त माशांना पाण्यात पाहायची, पण डोळ्यांत तेल घालून. कोण कोपऱ्यात बसलाय, कुणाचं शेपूट मिटलंय, कोण खड्यांना अंग घासतोय, हे तिला लांबूनच दिसायचं. आम्हां भावंडांचा ताप मात्र आईला आधी कळायचा.

मग एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली. लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि जोडून देणाऱ्या बायकांची गरज संपली. आत्याला सांगितलं की दुसऱ्या गावी कारकुनीची जागा घ्या किंवा घरी बसा. तिनं घर निवडलं. पहिले काही महिने ती आवरून, पर्स घेऊन, दुपारी खोलीतच बसलेली दिसायची. आई तिला कामं सांगायची, ती ती चटकन उरकायची आणि पुन्हा बसायची. बोलायची तेही एक्स्चेंजच्या आवाजात, मोजकं आणि मऊ. घरातल्या सगळ्यांनाच वाटायचं की हिच्यासाठी काहीतरी करायला हवं, पण काय ते कुणालाच सुचत नव्हतं.

सुचलं ते आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना. त्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात तिथे, मोठी टाकी होती. आत्या दाढ दाखवायला गेली आणि दाढ विसरून टाकीपाशी उभी राहिली. माशांच्या अंगावर मिठाचे कण पडावेत तसे पांढरे ठिपके होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला माणसांचे दात कळतात, माशांचं काही कळत नाही, जरा बघता का. आत्यानं पाणी हळूहळू कोमट केलं, जाडं मीठ मोजून घातलं, रोज सकाळी जाऊन तळाची घाण नळीनं ओढून काढली. ठिपके गळून पडले. दाढ मात्र तिची शेवटी काढावीच लागली.

दवाखान्यात येणारे लोक दुखरा गाल धरून ही गोष्ट घरी घेऊन गेले, आणि आमच्याकडे फोन यायला लागले. कुणाच्या दुकानातली टाकी, कुणाच्या शाळेतली, कुणाच्या आजोबांची. आत्या पिशवीत नळी, जाळी, मिठाची बरणी आणि थर्मामीटर घेऊन निघायची. गावात तिचं नाव पडलं मासेवाल्या बाई. एकदा एका गृहस्थांनी फोन करून पाहुणे येणार आहेत, सहा मध्यम आकाराचे साफ करून पाठवा, असं सांगितलं. बाबांनी तो फोन घेतला होता. ते गंभीरपणे म्हणाले, आमच्याकडचे फक्त आजारी असतात. हा किस्सा त्यांनी पुढे वर्षानुवर्षं सांगितला.

तशाच एका फोनवरून ती बाइंडरकाकांकडे गेली. हे पुस्तकांना पुठ्ठे बांधायचे. गावाच्या टोकाला त्यांचं बैठं घर, पुढच्या खोलीत कारखाना, सगळीकडे खळीचा आणि नव्या कागदाचा वास. मागे बाग, आणि बागेत दगडी हौद, मधोमध बंद पडलेलं कारंजं. हौद त्यांच्या बायकोनं हौसेनं बांधून घेतला होता आणि त्यात लाल-पांढरे मोठे मासे पाळले होते. ती जाऊन वर्ष झालं होतं. मासे मरायला लागले होते.

त्या दिवशी मी आत्याबरोबर होते, कॉलेजला सुट्टी होती म्हणून. हौदाचं पाणी पालकाच्या पाण्यासारखं हिरवं झालं होतं. मासे वर येऊन श्वास घेत होते. आत्यानं काठी तळाशी घातली तर काळा गाळ वर आला आणि नाकात घाण भरली. तिनं विचारलं, खायला काय देता? बाइंडरकाका म्हणाले, पाव, चुरमुरे, घरात असेल ते. किती वेळा? त्यांनी हातातल्या चुरमुऱ्यांच्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, मोजलं नाही.

आत्या काठावर बसली. तिनं तिच्या त्या मऊ आवाजात विचारलं, "त्यांची आठवण आली की देता का?"

बाइंडरकाकांनी मान हलवली. म्हणाले, "जाताना तिनं एवढंच सांगितलं होतं. माझ्या माशांना उपाशी ठेवू नका."

"ते उपाशी नाहीत," आत्या म्हणाली. "त्यांना खाऊन संपत नाही, आणि उरलेलं तळाशी कुजतंय. त्यानं पाणी नासलं. थोडे दिवस काही घालायचं नाही. आठवण आली तर नुसतं येऊन बसा. तेही त्यांना कळतं."

मासे ओळखतात की नाही यावर तिचा स्वतःचा विश्वास किती होता, मला माहीत नाही. पण बाइंडरकाकांनी हातातली वाटी खाली ठेवली. आत्यानं त्यांना सांगितलं नाही की बिचाऱ्यांना तुम्हीच मारलंत. घरी येताना मी तिला ते विचारलं, तर ती म्हणाली, "मीही मारलेत की. मला तरी कोण बोललं होतं?"

हौद सुधारायला बरेच दिवस लागले. आत्या गाळ एकदम उपसू देत नव्हती. आज थोडा, परवा थोडा, पाणीही तसंच, पाव हिस्सा काढायचं, तेवढंच नवं घालायचं. कल्ले सुजलेले दोन मासे तिनं टबात मिठाच्या पाण्यात वेगळे ठेवले. कारंजं काकांनी स्वतः खोललं. पाइपमध्ये शेवाळ आणि मेलेल्या गोगलगायी अडकल्या होत्या. पाणी पहिल्यांदा वर उडालं तेव्हा ते आधी काकांच्या चष्म्यावर आलं, आणि आत्या हसली. तिला तसं खो खो हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये हसायची परवानगी नसावी.

मासे बरे झाले तरी तिची फेरी चालूच राहिली. पानं पडतात, जाळी लावायला हवी. बगळा टपून असतो, त्याचं बघायला हवं. उन्हात हौद तापतो, कडेला कमळं लावायला हवीत. कारणं संपेनात. काकांनी तिच्या माशांच्या पुस्तकांना, फाटली नव्हती त्यांनाही, नव्यानं कापडी पुठ्ठे बांधून दिले. आई काही बोलायची नाही, फक्त आत्या निघाली की तिच्या पिशवीत दोन माणसांचा डबा ठेवायची.

बोलले ते बाबा. एके संध्याकाळी त्यांनी आत्याला समोर बसवलं आणि घसा साफ करून म्हणाले, लोक बोलायला लागलेत. आत्या म्हणाली, लोकांचं मी तीस वर्षं ऐकलंय, ते बोलतातच. बाबा म्हणाले, तसं नव्हे ताई, मला विचारायचंय की तू काय ठरवलंयस.

"मी काही ठरवलं नव्हतं," आत्या म्हणाली. "पण काल त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तुला सांगायला धीर होत नव्हता."

बाबा उठून बाहेर गेले. आम्हांला वाटलं, बिनसलं. ते बराच वेळ ओट्यावर उभे होते. आत आले ते डोळे पुसून, आणि आईला म्हणाले, आता मागची खोली रिकामी होणार, मला त्या पंपाशिवाय झोप कशी लागायची?

आत्या पन्नाशी ओलांडून लग्न करत होती. कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून बाबा आणि डॉक्टरीणबाई. तिथून सगळे हौदावर गेलो आणि काठावर बसून चहा प्यायलो. ती दोघं एकमेकांना शेवटपर्यंत अहो बाई आणि अहो बाइंडर असंच म्हणत राहिली.

ते घर माझ्या आठवणीत दुपारचं आहे. पुढून पुठ्ठे कापायच्या सुरीचा आवाज, मागून कारंज्याचा. काका खळीचे हात धुवायला हौदावर यायचे आणि आत्या ओरडायची की त्यात नाही, नळावर. मग ते तिथेच बसायचे. पहिल्या बायकोबद्दल ते दोघं मोकळेपणानं बोलायचे. हा मोठा लाल मासा तिचा लाडका, तिनं हाताच्या ओंजळीएवढा असताना आणला होता, असं आत्याच आम्हांला सांगायची, जणू ती तिथे होती. मी नोकरीला लागले, लग्न होऊन लांब गेले, तरी माहेरी आले की आधी तिकडे जायचे. माझ्या मुलीनं चालायला सुरुवात केली ती त्याच बागेत. त्या आठवड्यात काकांनी हौदाभोवती स्वतःच्या हातानं लाकडी कठडा घातला.

बाइंडरकाका तिच्या आधी गेले. आत्या पुढची काही वर्षं त्या घरात एकटी राहिली. गुडघे दुखायचे म्हणून तिनं हौदाजवळ खुर्ची टाकली होती, पण लोकांकडे जाणं बंद झालं तरी लोक बरणीत आजारी मासा घेऊन तिच्याकडे यायचे. एका थंडीत ती झोपेतच गेली. तिच्या मागे घर काकांच्या पुतण्याकडे आलं. चांगला माणूस. त्यानं आधीच प्रामाणिकपणे सांगितलं की लहान मुलं आहेत, हौद बुजवावा लागेल, मासे तुम्ही न्या.

बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. मी म्हटलं, माणसं लावू, तुम्ही येऊ नका. ते आले. आम्ही मासे जाड पिशव्यांत घालून सार्वजनिक बागेतल्या तळ्यावर नेले. मी पिशवीचं तोंड सोडायला गेले तर बाबांनी हात धरला. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या, तळ्यात उतरले आणि पिशव्या बंदच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं पाणी बाहेरच्याइतकं थंड व्हायला हवं, म्हणाले. नाहीतर दचकतात. इतकी वर्षं थट्टा करणारा माणूस, हे त्यांनी कधी शिकून घेतलं होतं कोण जाणे. अधूनमधून ते प्रत्येक पिशवीत ओंजळभर तळ्याचं पाणी घालत होते.

बागेचा माळी येऊन म्हणाला, आजोबा, बाहेर या, थंडी आहे, मी सोडतो. बाबा म्हणाले, "माझ्या बहिणीचे आहेत. होईल माझं."

मग त्यांनी एकेक पिशवी आडवी केली. मासे लगेच बाहेर पडले नाहीत. मोठा लाल मासा सगळ्यांत शेवटी निघाला आणि खोल पाण्याकडे गेला. बाबा पाण्यातच उभे राहिले. मी काठावर त्यांच्या चपला घेऊन उभी होते, आणि त्यांना चला म्हणायची मला घाई नव्हती.