मागचा मिस्त्री

सर्बियातल्या नेगोतिन गावात गाडी दुरुस्तीला टाकायची म्हणजे आधी मागच्या मिस्त्रीचा उद्धार ऐकून घ्यावा लागतो. हा रिवाजच आहे. मिस्त्री झाकण उघडतो, हात मागे बांधतो, मान हलवतो आणि विचारतो, "हे कोणी केलं?" उत्तर द्यायचं नसतं. गिऱ्हाइकानं फक्त ओशाळं व्हायचं असतं.

तिहोमिर या विद्येतला पंडित. त्याचे वडील चामड्याच्या वहाणा शिवायचे. तो मात्र बस डेपोत गाड्यांच्या वायरिंगला लागला आणि डेपो बुडाल्यावर घरामागच्या शेडमध्ये येऊन बसला. चाळीस वर्षांत त्याला एकही बरा मागचा मिस्त्री भेटला नव्हता. गावात त्याच्याखेरीज सहाच मिस्त्री, पण ऐकणाऱ्याला वाटावं, साऱ्या मुलखातले खाटीक इथंच येऊन तारा कापून गेलेत.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी विदोसावा आपली हिरवी जर्मन व्हॅन ट्रॅक्टरला बांधून घेऊन आली. विदोसावाकडे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या. डोंगरावर बागरेमची झाडं फुलांनी पांढरी झाली होती; माश्यांचा सगळ्यात मोठा मध याच फुलांचा. हा मोहर आठ-दहा दिवसांचा, आणि मोठा पाऊस झाला तर तेवढाही नाही. पेट्या वेळेत वर पोचल्या तर वर्षाचा मध, नाहीतर पुढच्या मेपर्यंत डोंगराकडे बघत बसायचं.

"इंजिनाचा कॉम्प्युटर गेला," विदोसावा म्हणाली. "भंगारातून दुसरा आणला. याच सालच्या गाडीचा, नंबरसुद्धा जुळवून. प्लग टक्कन बसला. चालू केली तर काळा धूर, आणि बंद."

"टक्कन बसला!" तिहोमिर म्हणाला. "बाई, माझा पायही शेजाऱ्याच्या बुटात टक्कन बसतो. म्हणून त्याची बायको मला घरात घेते का?"

त्यानं व्हॅनच्या मागच्या बाजूच्या इंजिनाचं झाकण उघडलं, हात मागे बांधले. "हे कोणी केलं?"

विदोसावा रीतीप्रमाणे ओशाळली. गाडी घेऊन तिला सहाच वर्षं झाली होती.

तिहोमिर सांगू लागला. या व्हॅनचे कॉम्प्युटर दोन तऱ्हेचे, आधीच्या सालांचा एक आणि नंतरचा एक. प्लग दोघांचा सारखा, पंचवीस तारांचा. पण कुठली तार कितव्या जागी, ते वेगळं. कुणा शहाण्यानं या जुन्या गाडीत नवा कॉम्प्युटर बसवला होता आणि त्यासाठी तारांची अदलाबदल केली होती. आता विदोसावानं असली जुना आणला, तर त्याला इंजिनाच्या उष्णतेची खबर देणारी तारच सापडेना. इंजिन थंडगार आहे असं समजून तो पेट्रोल ओततच राहिला.

"म्हणजे चूक माझी नाही?"

"तुमची नाही. त्या खाटकाची. हात तोडले पाहिजेत त्याचे. आता कुठं कुठं कापून गेलाय देव जाणे. पंचवीस तारा एकेक करून तपासायच्या. शुक्रवारी या."

"गुरुवारी पाऊस सांगितलाय हो."

"मी नाही सांगितला."

 विदोसावा रिकाम्या क्रेटवर बसली आणि डोंगराकडे बघत राहिली. तिहोमिरनं पाठ फिरवून तारांच्या जुडग्यावरची जुनी टेप कापायला घेतली.

टेपखाली दोरा होता. मेण लावलेला, वहाणा शिवायचा दोरा, दुहेरी गाठीचा. तारा असल्या दोऱ्यानं बांधणारा माणूस त्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो आत्ता हातात चाकू धरून उभा होता.

मग त्याला सगळं आठवलं. देशावरच्या निर्बंधांची वर्षं. रस्त्याकडेला पेट्रोल बाटल्यांतून विकलं जायचं. ही व्हॅन तेव्हा पांढरी होती, प्रेतयात्रेचे हार विकणाऱ्या एका माणसाची. मिळाला तो कॉम्प्युटर नव्या तऱ्हेचा. त्यानं दोनच तारांची अदलाबदल केली, फक्त दोन, आणि स्वतःवर खूश होऊन राकिया दारूचा पेला चढवला. कॉम्प्युटरच्या डब्यावर तसं लिहून ठेवायचं मनात आलं होतं. पण पुढचा मिस्त्री काही गाढव नसेल, त्याला बघताच कळेल, असं वाटून राहूनच गेलं.

दोन तारा. पाच मिनिटांचं काम. किंवा शुक्रवारपर्यंत ऐटीत तपासणी, आणि खाटीक कायमचा अज्ञात. तिहोमिरनं दुसऱ्या वाटेचा विचार केलाच नाही असं म्हणता येणार नाही. चांगली एक सिगारेट संपेपर्यंत केला.

"काय झालं?" विदोसावा उठून आली. "साप निघाला?"

"संध्याकाळी माश्या आत आल्या की पेट्यांची दारं लावून घ्या," तो म्हणाला. "आजच वर न्या."

"शुक्रवार म्हणालात ना?"

"खाटीक ओळखीचा निघाला. दोनच तारा बदलून गेलाय."

विदोसावानं वाकून तो दोरा पाहिला. तिच्या कुंपणाचं फाटक तिहोमिरनंच याच दोऱ्यानं बांधून दिलं होतं. 

"काय तोडायचे म्हणालात त्याचे?" तिनं विचारलं.

"हात."

"तोडा हो. पण आधी तेवढ्या दोन तारा लावून घ्या."

पाच मिनिटं म्हणता म्हणता वीस लागली, कारण या खेपेला दोन्ही तारा त्यानं दोन-दोनदा तपासल्या. इंजिन खोकलं, थोडा काळा धूर टाकला आणि मग शहाण्यासारखं चालू लागलं. तिहोमिरनं पांढऱ्या रंगानं डब्यावर लिहिलं: जुना कॉम्प्युटर, तारा मूळ जागी. खाली तारीख टाकली. नाव टाकलं नाही. माणूस एका दिवसात किती सुधारणार?

पेट्या त्याच संध्याकाळी डोंगरावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला दुशान आपली गाडी घेऊन आला. तिहोमिरनं झाकण उघडलं. "हे..." म्हणाला आणि थांबला. चष्मा लावला, टॉर्च घेतला, खाली वाकून तारांचं जुडगं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. दोरा कुठंच नव्हता.

मग तो सरळ उभा राहिला आणि हात मागे बांधले.

"हे कोणी केलं?"