बोदिलच्या हातातला ब्रेक

बोदिल क्रागने वीस वर्षं ट्राममध्ये तिकिटं फाडली आणि दोरी ओढून घंटा वाजवली. घंटा तिची, पण गाडी सुटायची पुढे उभ्या असलेल्या पुरुषाच्या हातून. त्याच्या हातातल्या ब्रेकच्या दांड्यावर तिचा जीव जडला होता. मागितला की उत्तर ठरलेलं, "ते बाईमाणसाचं काम नव्हे." मग शहरातल्या ट्रामच बंद झाल्या. बाकीच्यांनी बस धरली, बोदिलने थेट सोलबाकनची करमणुकीची बाग गाठली.

सोलबाकनची डोंगरगाडी, म्हणजे तिथला जुना रोलरकोस्टर, साऱ्या डेन्मार्कचा जीव की प्राण. पहिलं महायुद्ध पेटलं त्या वर्षी बांधलेला लाकडी डोंगर, माथ्यावर चुन्याचा बर्फ, आणि डब्यांच्या मधोमध दांडा धरून बसलेला ब्रेकवाला. नवीन गाड्या आपोआप थांबतात. हिला माणूस लागतो. ब्रेक कमी पडला तर वळणावर हाडं खिळखिळी होतात. जास्त लागला तर गाडी पुढचा चढ चढत नाही, खोलगट जागी रुतून बसते, आणि प्रवाशांना उतरवून ढकलावी लागते. तिथल्या लोकांना याहून मोठी नामुष्की माहीत नाही.

बोदिलने ब्रेकवाल्याची नोकरी मागितली, तेव्हा थोरला ब्रेकवाला एगोन टॉफ्ट मिशीतल्या मिशीत हसला. "अगं बोदिल, पहिल्याच उतारावर घाबरून दांडा आवळशील. मग ढकलायला आम्हीच यायचं का?"

"तुमचं गुडघेदुखीचं वय. तुम्ही बसून राहा, मी ढकलेन."

परीक्षेची रीत जुनी होती. थोरल्याने मांडीवर सायीचा केक घेऊन पुढच्या डब्यात बसायचं. केक शाबूत आला तर सगळ्यांनी खायचा आणि नोकरी पक्की. मोडला, किंवा गाडी अडकली, तर उमेदवाराने घरचा रस्ता धरायचा.

गाडी माथ्यावर पोचली. बोदिलने दांडा दोन्ही हातांनी धरला. पहिला उतार तिने मोकळा सोडला, वळणावर दांडा हलकेच ओढला, पुन्हा सोडला. मागच्या डब्यांत बसलेले बाकीचे ब्रेकवाले मजेत ओरडत होते. शेवटच्या, सर्वांत खोल उतारावर एगोन मागे वळून किंचाळला, "ब्रेक! ब्रेक लाव, बाई! केक गेला!"

बोदिलने ऐकलं, पण हात हलला नाही. गाडी सुसाट खाली गेली आणि त्याच वेगाने शेवटचा चढ चढून वर आली. मग कुठे तिने दांडा ओढला. गाडी फलाटाशी अलगद उभी राहिली. केकवरची स्ट्रॉबेरीसुद्धा जागची हलली नव्हती.

एगोनने टोपी सरळ केली. "मी ओरडलो, तर ब्रेक का नाही लावलास?"

"लावला असता तर खाली अडकलो असतो. तुम्हालाही ते ठाऊक होतं."

"तरी थोरल्याचं ऐकायचं असतं!"

"थोरले फलाटावर. गाडीत बसलात की तुम्ही प्रवासी. वीस वर्षं प्रवाशांचा आरडाओरडा ऐकलाय मी. त्यांच्या सांगण्यावरून गाडी हाकत नाहीत."

फलाटावर हशा पिकला. एगोनही पोट धरून हसला. त्याने स्वतःच्या हाताने केकचा सर्वांत मोठा तुकडा तिला दिला. साय ओठांना लागली तशी बोदिल तिथेच रडली, आणि डोळे पुसायचीही तिला लाज वाटली नाही.

दुपारी फाटक उघडलं. गाडी माणसांनी भरली. घंटा वाजवायचं काम पोरांचं, पण एगोन त्यांना बाजूला सारून दोरीपाशी उभा राहिला.

"तयार का, ब्रेकवाली?"

"वाजवा."

एगोनने घंटा वाजवली. बोदिलने ब्रेक सोडला.