सासऱ्यांच्या मोबाईलवर सुनेचा रिपोर्ट

“काका, ही वेबसाइट तुम्हीच बनवली ना? मग सांगा, माझा प्रेग्नन्सीचा रिपोर्ट माझ्याआधी मामंजींनी कसा वाचला?”

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर चिक्कडपल्लीची एक सून मला फैलावर घेत होती. लॅबचे रिपोर्ट ऑनलाइन दाखवणारं जावा अ‍ॅप्लिकेशन मी सांभाळतो. त्यात केस पांढरे, त्यामुळे सगळं पाप माझंच वाटतं.

“मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात गेलं,” तिचा आवाज खाली आला. “म्हणून या वेळी कुणाला सांगणार नव्हते. नवरा टूरवरून आला की फक्त त्याला. आणि मामंजींनी फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला!”

लॉगिन म्हणजे दोनच प्रश्न. आलेला माणूस कोण, आणि त्याला काय दाखवायचं. आमच्याकडे मोबाईल नंबर हीच ओळख. रिसेप्शनवर पद्धत अशी की नंबर घरातल्या कर्त्याचा टाकायचा. म्हणजे ओटीपी मामंजींना, अख्ख्या घराचे रिपोर्टही मामंजींना. प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा म्हणून मी पहिल्याच मीटिंगमध्ये घसा कोरडा केला होता. मालक राव गारूंनी (गारू म्हणजे तेलुगूतलं ‘साहेब’) त्यावर फक्त चहा मागवला होता.

मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये शिरलो.

“कायकू गरम होते, साब? खुशखबरच तो थी!”

“उनकी खुशखबर थी, सर. बतानेका हक भी उनकाच था.”

“सबका अलग अकाउंट? लाइन रोड तक जाती. नक्को!”

“आपके टेस्ट में नंबर किसका दिया है?”

“मॅडमका. मेरा तो दिनभर बजता रहता.”

“मतलब आपकी शुगर मॅडम देखते रहते.”

समोर उस्मानिया बिस्किटांची बशी होती. राव गारूंनी ती हळूच फायलींमागे सरकवली. “...कब तक होता ये काम?”

बाईचं दुःख ऐकून न हललेला माणूस बिस्किटासाठी हलला, याचा मला अजून राग येतो.

आता प्रत्येक सज्ञान पेशंटचं स्वतंत्र अकाउंट, ओटीपी त्याच्याच फोनवर. घरच्यांना दाखवायचं की नाही, हे तोच ठरवणार. रांग रस्त्यापर्यंत काही गेली नाही. मी त्या मुलीला फोन केला.

“बरं झालं, काका. पण ग्रुपवर आलेले आशीर्वाद आता कसे परत करू?”

त्याचा कोड माझ्याकडे नव्हता.

तारनाक्याला घरी येऊन बायकोला सगळं तावातावानं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, “आणि माझे रिपोर्ट कुणाच्या नंबरवर येतात हो?”

तिचंही अकाउंट वेगळं केलं. आता तिचं थायरॉइड किती, हे मला तिलाच विचारावं लागतं. मूड असला तर सांगते. सिस्टीम बरोबर चालली की असंच होतं.