प्रमुख पाहुण्यांचा परिचय

कतारमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष 'द पर्ल' या उंची वस्तीत राहतात. त्यांच्या लिफ्टमध्ये त्यांना एक नॉर्वेजियन गृहस्थ भेटले. माजी मंत्री, माजी राजदूत, सध्या कुठल्याशा शांतताचर्चेसाठी दोह्यात मुक्कामी. लिफ्ट वर पोचेपर्यंत अध्यक्षकाकांनी त्यांना स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे करून टाकलं होतं. कुणी मोठा माणूस हाती लागला की आम्ही त्याला शाल पांघरतोच, बाहेर कितीही उकडत असो.

शाल आली की परिचय आला. तो माझ्याकडे. माझं मराठी पत्रकांवर पोसलेलं. आई कारखान्यांच्या गेटवर संपाची पत्रकं वाटायची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो'वर.

गृहस्थांची कारकीर्द वाचायला घेतली आणि सुरुवातीलाच प्रेमात पडले. विशीत हे बर्फात उभं राहून समुद्रातल्या तेलविहिरींविरुद्ध पत्रकं वाटायचे. मग पक्ष, मग संसद, मग ऊर्जाखातं. मंत्री झाल्यावर त्याच विहिरींना यांनी परवाने दिले. पुढे निवडणूक हरले आणि राजदूत झाले. आपल्याकडे राज्यपाल करतात.

"हे सगळं वाचणार आहेस?" दादाने विचारलं. तो दुखानला तेल कंपनीत इंजिनिअर आहे, मी त्याच्याच घरी राहते. त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं आणि ते वाढवून देणारे साहेब कार्यक्रमाला येणार होते.

"सगळं."

"मग मराठीत वाच. साहेब तमिळ आहेत. आणि पाहुण्यांना तुझी वहिनी समजावेल."

कार्यक्रमात मी वाचलं, "ज्या विहिरींविरुद्ध यांनी विशीत पत्रकं वाटली, त्यांचेच परवाने पन्नाशीत वाटले. वाटण्याची सवय काही सुटली नाही." सभागृह हसलं. त्यातले निम्मे तेलावर जगणारे, तेच जास्त हसले. वहिनी पाहुण्यांच्या कानाशी लागली.

पाहुण्यांनी हात वर केला. इंग्रजीत म्हणाले, "या बाई म्हणतात की तुम्ही माझ्या दीर्घ अनुभवाचं कौतुक केलंत. त्याला लोक एवढे हसत नाहीत. मी अर्धं आयुष्य दुभाष्यांबरोबर काढलंय. मूळ वाक्य ऐकवा ना."

दादा साहेबांच्या शेजारी बसून छताकडे बघत होता. मी वाक्य इंग्रजीत सांगितलं.

पाहुणे छान हसले आणि बोलू लागले. काळ बदलतो, जबाबदाऱ्या येतात, सर्व घटकांशी संवाद साधावा लागतो. त्या सगळ्यात 'मी' एकदाही आला नाही. साहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. टोमणा काय होता, हेच बहुधा साहेब विसरले होते.

जेवणाच्या वेळी पाहुणे सत्काराचा नारळ काखेत धरून माझ्याकडे आले. "थंडीत कागद सुटे व्हायचे नाहीत," ते म्हणाले. "हातमोजे काढावे लागायचे."

"माझी आई बोटाला थुंकी लावायची."

"आमच्याकडे तीही गोठली असती." मग त्यांनी शेजारी श्रीखंडाच्या वाट्या घेऊन उभे असलेल्या दादाकडे आणि साहेबांकडे पाहिलं. "आणि इथल्या विहिरींबद्दल तुमचं पत्रक काय म्हणतं?"

साहेब कुतूहलाने माझ्याकडे वळले. दादाचा चमचा वाटीतच राहिला. मला उत्तर पाठ होतं, कितीतरी वर्षांपासून.

मी म्हणाले की प्रश्न गुंतागुंतीचा आहे. प्रत्येक देशाची परिस्थिती वेगळी असते. सर्वांना सोबत घेऊन जायला हवं. मी बरंच बोलले. पाहुणे मध्येच मान हलवत होते, एखादा जुना सहकारी भेटल्यासारखे.

"फार समंजस मुलगी आहे," साहेब दादाला म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टची काळजी करू नका. इन्शाल्ला, होऊन जाईल."

परतताना दुखानच्या रस्त्यावर दादा गाणं गुणगुणत गाडी चालवत होता. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"तू काय उत्तर दिलंस गं?" त्याने विचारलं. "मला नीट कळलंच नाही."

"मला विचारू नकोस," वहिनी म्हणाली, "मलाही त्याचं भाषांतर जमलं नसतं."