मोठ्यानं मागा की

नगरच्या मिशन दवाखान्यात नर्सचं शिक्षण पुरं करून मी नुकतीच बाहेर पडले होते. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारची उपासना, जेवणाआधीची प्रार्थना हे सगळं मी रोज वेणी घालावी तसं करत आले होते. एका शाळामास्तरांशी माझं लग्न ठरलं होतं, ते उन्हाळ्यात व्हायचं होतं. "तोवर रोगी बघायला खेड्यांच्या दौऱ्यावर चल," असं आमच्या गोऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी निघाले. वेळ जाईल, एवढाच विचार.

बारामतीपर्यंत कालव्याकाठानं ऊस होता. इंदापूर तालुक्यात शिरलं, कालवा मागे पडला की नुसती ज्वारी आणि माळ. अंथुर्ण्याच्या पुढं एका वस्तीजवळ आमचा तंबू पडला. तिथल्या मांगवाड्यातल्या लोकांना गावविहिरीवर पाणी भरू देत नसत. ते ओढ्यातल्या डोहाचं पाणी पीत, आणि त्या पाण्यातून त्यांना नारू होई. माणसाच्या पायातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर येतो. तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही.

दोर वळणाऱ्या एक मावशी माझ्याकडं रोज येत. एकट्याच राहायच्या. त्यांच्या घोट्यातून किडा निम्मा बाहेर आला असताना एक दिवस त्या आल्या नाहीत. मी झोपडीत गेले तर तापानं फणफणलेल्या. दोरांसाठी घायपात आणायला माळावर गेल्या होत्या; काडी झुडपात अडकली आणि किडा आतच तुटला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता.

डॉक्टरबाईंनी गळू कापून पू काढला. आमचा मुक्काम दुसऱ्या दिवशी हलायचा होता.

"रोज पट्टी बदलली नाही तर पाय जाईल," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या गावी लोक वाट बघतायत."

"मी राहते," मी म्हणाले. का म्हणाले ते मलाही धड सांगता आलं नसतं. मावशी माझ्याकडं बघत होत्या, एवढं आठवतं.

मिशनच्या शाळेची तिथं एक खोली होती. तिच्यात मी राहिले. सकाळी तीन दगडांवर डबा ठेवून पट्ट्या उकळायच्या, पाय धुवायचा, पट्टी बांधायची, मावशींना पेज पाजायची. ताप मात्र उतरेना. मला भीती वाटायला लागली. एकदा पट्टी बांधता बांधता मी सवयीनं पुटपुटत होते.

"काय वो म्हणताय?" मावशींनी विचारलं.

"प्रार्थना करतेय. देवाकडं मागतेय."

"माझ्यासाठी मागताय व्हय?"

"हो."

"मग मोठ्यानं मागा की. मला बी ऐकू द्या."

मी तोंड उघडलं. लहानपणापासून पाठ केलेली वाक्यं त्या झोपडीत म्हणायची मला लाज वाटली. त्यातलं एकही मावशींना कळलं नसतं. शेवटी मी म्हणाले, "देवा, ह्यांचा पाय बरा कर. ताप उतरव. ह्यांना दोर वळायचेत. आणि मला भीती वाटतीय, माझ्याजवळ थांब."

मावशी म्हणाल्या, "आसं म्हना. आता कळलं."

त्या दिवशी मी कुणाशी बोलतेय हे मला पहिल्यांदा जाणवलं. उजेड पडला नाही, आवाज ऐकू आला नाही. ऐकणारा कुणी आहे, एवढीच खात्री पटली, आणि ती खात्री मला नगरला नव्हे, इथं मिळाली होती. पट्ट्या धुताना, चूल फुंकताना मी त्याच्याशी बोलत राहिले.

ताप हळूहळू उतरला. पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला.

उन्हाळ्यात घरी जाऊन मी लग्न करणार नाही, चर्चची व्रतस्थ सेविका व्हायचंय, असं सांगितलं. आई रडली. "रोग्यांची सेवा लग्न करूनही होते," म्हणाली. ते खरंच होतं. वडील दोन दिवसांनी स्वतः जाऊन मुलाकडच्यांना निरोप देऊन आले. पुढं रीतसर शिक्षण झालं, चर्चच्या मंडळीनं डोक्यावर हात ठेवून मला नेमलं, आणि मी त्याच खोलीत परत आले.

मावशी ख्रिस्ती झाल्या नाहीत. मरीआईला कोंबडं देत राहिल्या, आणि माझ्याकडंही येऊन "आज काय मागितलं?" असं विचारत राहिल्या. नारू होऊ नये म्हणून पाणी गाळायला मी घरोघर जाड कापड वाटलं तेव्हा लंगडत माझ्याबरोबर फिरल्या, बायकांना दटावून सांगितलं. तरी निम्म्या घरांनी त्याची पोरांना कुंची शिवली. मग आम्ही पुन्हा कापड आणलं.